टक्... टक्... सायकल काहीतरी सांगतेय!

ऑफिसला सायकलने जाताय? ग्रेट! पण पायडल मारताना डाव्या पायाखाली ‘टक्’ असा आवाज यायला लागला, की तुम्ही काय करता? ‘नंतर बघू’ म्हणता ना? मग हे वाचाच. ढिला क्रँक पहिल्याच दिवशी ओळखला, तर काम पाच मिनिटांचं. नाही ओळखला, तर नवा क्रँक आणि कदाचित नवा गुडघासुद्धा!

सोमवार. सकाळचे सव्वाआठ. साडेनऊला क्लायंटसमोर प्रेझेंटेशन. पाठीवर सॅक, सॅकमध्ये लॅपटॉप, टिफिन आणि चुरगळू नये म्हणून पुठ्ठ्याला गुंडाळलेला इस्त्रीचा शर्ट. कोथरूड डेपो मागे टाकला आणि चांदणी चौकाच्या चढाला लागलो. या चढावर माझा एक ठरलेला फंडा आहे. सीटवरून उठायचं, हँडल घट्ट धरायचं आणि उभं राहून जोर लावायचा. अंगाचा सगळा भार पायडलवर!

त्या सोमवारीही उठलो. उजवा पाय खाली, डावा वर. डावा खाली आला... आणि खालीच गेला. थेट रस्त्यावर! पायाखाली पायडल होतं, पायडलला दांडीही होती, फक्त ती दांडी सायकलला नव्हती.

पुढचे दोन सेकंद नीटसे आठवत नाहीत. सायकल उजवीकडे झुकली, मी डावीकडे, गुडघा डांबरावर. मागून करकचून लावलेल्या ब्रेकचा आवाज. वळून बघितलं तर बसचा बंपर हातभर अंतरावर! ड्रायव्हरकाकांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि पुणेरी थाटात एकच प्रश्न विचारला, ‘‘घरी सांगून आलायस का?’’

प्रेझेंटेशन दुसऱ्याने केलं. मी फुटपाथवर बसून गुडघ्याला रुमाल बांधत होतो, आणि हातातल्या त्या सुट्या दांडीकडे बघताना एकच गोष्ट डोक्यात फिरत होती. ही सायकल मला तीन आठवडे सांगत होती. मीच ऐकत नव्हतो!

क्रँक म्हणजे कोण बुवा?

नावं आधी समजून घेऊ, म्हणजे दुकानात गेल्यावर ‘ते हे, पायडलच्या बाजूचं ते’ असं करावं लागणार नाही. आपण पाय ठेवतो ते पायडल. पायडल ज्या दांडीला बसवलेलं असतं ती दांडी म्हणजे क्रँक. उजव्या क्रँकला चेनचं दातेरी चक्र जोडलेलं असतं, डावा एकटाच असतो. फ्रेमच्या पोटातून एक लोखंडी दांडा आरपार जातो आणि हे दोन्ही क्रँक त्याच्या दोन टोकांना बसतात. हा दांडा म्हणजे बीबी एक्सल. बीबी म्हणजे बॉटम ब्रॅकेट, दुकानात ‘बीबी’ म्हटलं की पुरतं.

आपल्यापैकी बहुतेकांच्या हायब्रिड आणि एमटीबी सायकलींमध्ये या एक्सलची टोकं चौकोनी असतात, आणि नुसती चौकोनी नाही तर बाहेरच्या बाजूला किंचित निमुळती. क्रँकलाही तसंच निमुळतं चौकोनी भोक असतं. बोल्ट आवळला की क्रँक त्या निमुळत्या चौकोनावर वर वर चढतो आणि पाचर ठोकल्यासारखा घट्ट बसतो. सगळी करामत या पाचरीची! बोल्टचं काम एवढंच, पाचर बसवायची आणि ती हलू द्यायची नाही.

आता गोम अशी, की एक्सल पोलादी असतो आणि आजकालचे बरेच क्रँक अ‍ॅल्युमिनियमचे. म्हणजे एक कडक, दुसरा मऊ. बोल्ट घट्ट आहे तोवर दोघांचं छान जमतं. तो एकदा ढिला पडला, की प्रत्येक पायडलला क्रँक पुढे-मागे किंचित हलतो आणि पोलादाचे कोपरे अ‍ॅल्युमिनियमला खायला लागतात. तुम्ही मिनिटाला ७० पायडल मारत असाल, तर अर्ध्या तासात झाले २,१०० फटके! मग भोकाचे कोपरे गोलावतात. चौकोनी एक्सल, गोल भोक. अशा संसाराचं पुढे काय होणार, ते सांगायला ज्योतिषी नको.

तीन आठवड्यांची गोष्ट

माझं काय झालं, ते जरा क्रमाने सांगतो. कारण तुमचंही असंच होत असेल, तर तुम्ही कोणत्या पायरीवर आहात ते लगेच कळेल.

पहिला आठवडा. चढावर डावा पाय खाली जाताना बारीक ‘टक्’. सपाट रस्त्यावर काही नाही. मी चेनला तेल घातलं. (काहीही वाजलं की चेनला तेल घालायचं, हा आपला राष्ट्रीय उपाय!)

त्याच आठवड्यात क्रँकच्या बोल्टवरचं काळं प्लॅस्टिकचं टोपण गायब झालं. मी म्हटलं, जाऊ दे, टोपण तर आहे. वास्तविक ते टोपण म्हणजे पहिली नोटीस होती.

दुसरा आठवडा. आवाज सपाट रस्त्यावरही यायला लागला. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे गेलो. त्याने चावी लावली, एक हिसका दिला, ‘‘झालं साहेब.’’ चार दिवस शांतता.

तिसरा आठवडा. पुन्हा टक्. पुन्हा आवळलं. या वेळी दोन दिवस टिकलं. मग आणखी एकदा. या वेळी ऑफिसला पोचेपर्यंतही टिकलं नाही!

आणि हीच ती खूण! आवळल्यावर टिकण्याचे दिवस कमी कमी होत गेले, तर समजा की बोल्टचा दोष संपला आणि भोकाचा सुरू झाला. आता कितीही आवळा, उपयोग नाही. क्रँक बदलायचा. मी काय केलं? शुक्रवारी इअरफोनचा आवाज वाढवला. वीकेंडला सायकल पार्किंगमध्ये उभी. सोमवारी चांदणी चौक.

बोल्ट कुठे पडला, ते मला आजही माहीत नाही.

‘‘भोक बघा भोक!’’

लंगडत, एका हाताने सायकल ढकलत आणि दुसऱ्या हातात क्रँक घेऊन त्याच संध्याकाळी पेठेतल्या एका जुन्या दुकानात गेलो. दुकान कसलं, जिन्याखालची जागा ती! पण तिथल्या काकांनी काळ्या रोडस्टरपासून कार्बनच्या रेसिंग सायकलीपर्यंत सगळं हाताळलंय.

काकांनी चष्मा कपाळावर नेला, क्रँक हातात घेऊन उजेडाकडे धरला आणि विचारलं, ‘‘किती दिवस वाजत होती?’’

‘‘तीन आठवडे झाले असतील, काका.’’

‘‘आणि तुम्ही?’’

‘‘आवळून घेतली ना. तीनदा.’’

‘‘वा! नळ गळतोय आणि तुम्ही बादल्या बदलताय. हे भोक बघा. कोपरे कुठायत याचे?’’

बघितलं. चौकोनाचे चारही कोपरे गुळगुळीत, चकचकीत झाले होते. आतल्या एका बाजूला तर चक्क पायरी पडली होती.

‘‘पत्र्याची पट्टी घालून नाही का चालणार?’’ मी आपलं विचारलं. मित्राने कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा कापून घातला होता म्हणे.

‘‘चालेल की,’’ काका म्हणाले, ‘‘पुढच्या बसपर्यंत.’’

विषय संपला. काकांनी नवा डावा क्रँक काढला आणि म्हणाले, ‘‘बसा इथे. आज मी सांगतो, तुम्ही करा. पुढच्या वेळी माझ्याकडे यायचं नाही या कामासाठी.’’ गिऱ्हाइकाला ‘येऊ नका’ म्हणणारा दुकानदार पुण्यातच भेटणार!

आधी निदान, मग औषध

काकांनी पहिल्यांदा जे शिकवलं, ते क्रँक बदलण्यापेक्षाही महत्त्वाचं. आवाज येतोय म्हणजे क्रँकच ढिला आहे, असं नाही. पायडलचं बेअरिंग वाजू शकतं, बीबी वाजू शकते, सीटचा खांबसुद्धा वाजतो. मग ओळखायचं कसं?

सायकल भिंतीला टेकवा. दोन्ही क्रँक आडवे करा. आता एकेक क्रँक हातात धरून फ्रेमच्या दिशेने आत-बाहेर हलवा. फक्त डावा हलतोय आणि उजवा ढिम्म आहे? मग डावा क्रँक ढिला. दोन्ही क्रँक एकदमच, एकाच वेळी लुकलुकतायत? मग क्रँक ठीक आहेत, बीबीच्या बेअरिंगमध्ये प्ले आलाय. क्रँक अजिबात हलत नाही, पण पायडल त्याच्या दांड्यावर डुगडुगतंय? मग दोष पायडलचा. हुश्श, स्वस्तात सुटलात!

क्रँकच ढिला निघाला आणि तो पहिल्यांदाच ढिला झाला असेल, तर बोल्ट काढा, पुसा, आट्यांना थोडं ग्रीस लावा आणि नीट जोर लावून आवळा. पाच मिनिटं, खर्च शून्य. पण तो पुन्हा सैल झाला, तर क्रँक काढून भोक बघा. कोपरे गोल दिसले, आत पायरी पडलेली दिसली किंवा कोपऱ्यातून बारीक चीर गेलेली दिसली, तर मोह टाळा. बदला!

खरेदी : तीन गोष्टी विचारा

एक, लांबी. क्रँकच्या मागच्या बाजूला, पायडलच्या भोकाजवळ १६५, १७० किंवा १७५ असा आकडा बहुधा कोरलेला असतो. एक्सलच्या भोकाच्या मध्यापासून पायडलच्या भोकाच्या मध्यापर्यंतचं हे मिलीमीटरमधलं अंतर. नवा क्रँक उजव्या क्रँकच्याच लांबीचा हवा. नाहीतर एक पाय पुण्यात, एक पिंपरीत!

दोन, भोकाचा प्रकार. चौकोनीच मागा. त्यातही चौकोनाची दोन मापं प्रचलित आहेत, जपानी आणि युरोपीय. दिसायला सारखी, पण टोकाकडच्या मापात फरक. एकाच्या एक्सलवर दुसऱ्याचा क्रँक नको तितका आत जातो किंवा अर्धवटच बसतो. सोपा उपाय म्हणजे जुना क्रँक बरोबर न्या, आणि शक्य असेल तर सायकलच न्या.

तीन, बाजू. डावा हवा की उजवा? डावा सुटा मिळतो आणि तुलनेने स्वस्त पडतो. उजवा बहुतेक वेळा दातेरी चक्रासकट घ्यावा लागतो, त्यामुळे खिसा जरा हलका होतो. तिथे चक्राच्या दात्यांची संख्या आणि चेनचा प्रकारही जुळायला हवा, म्हणून उजव्याची पहिली खरेदी दुकानदाराच्या सल्ल्यानेच करा.

चला, बाह्या सरसावा!

लागणारं सामान असं. पायडल काढायला १५ नंबरचा पातळ पाना. क्रँकच्या बोल्टसाठी ८ मिलीमीटरची ॲलन की (काही सायकलींना १४ नंबरचा सॉकेट लागतो). क्रँक ओढून काढायला क्रँक पुलर. थोडं ग्रीस आणि एक जुना बनियन, पुसायला. पुलर हे नाव ऐकून घाबरू नका, मुठीत मावेल एवढंच यंत्र असतं ते. घेताना ‘चौकोनी एक्सलसाठी’ असं सांगून घ्या.

पायरी १ : आधी पायडल. क्रँक सायकलवर आहे तोवरच पायडल सुटं करून घ्या, हातात आल्यावर ते सोडवणं म्हणजे शिक्षा! आणि इथेच नव्वद टक्के लोक फसतात, मीही फसलो. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. आपण नेहमीच्या सवयीने ‘सोडवायला’ जातो आणि ते आणखी आवळत जातं. काकांची युक्ती लक्षात ठेवा. पाना पायडलवर उभा धरा. त्याचं वरचं टोक मागच्या चाकाकडे ढकललं की सुटतं, पुढच्या चाकाकडे ढकललं की आवळतं. डावं असो वा उजवं, दोन्हीकडे हाच नियम.

पायरी २ : बोल्ट. क्रँकचा बोल्ट मात्र दोन्ही बाजूंना सरळच, म्हणजे घड्याळाच्या उलट्या दिशेने सुटतो. बोल्ट काढल्यावर आत बोट घालून बघा. वॉशर आतच राहिलाय का? असेल तर तोही काढा. तो आत ठेवून पुलर लावला, तर पुलर पूर्ण बसतच नाही.

पायरी ३ : पुलर. पुलरचे दोन भाग. बाहेरचा भाग क्रँकच्या आट्यांत बसतो, आतला स्क्रू एक्सलला रेटतो. आधी आतला स्क्रू पूर्ण मागे घ्या. मग बाहेरचा भाग हाताने, हलक्याने, शेवटपर्यंत फिरवा. हाताने! तिरका जातोय असं वाटलं तर बाहेर काढा, पुसा, पुन्हा सुरुवात करा. अ‍ॅल्युमिनियमचे आटे फार नाजूक. चारच आटे धरलेले असताना जोर लावलात, तर आटे गेलेच म्हणून समजा. पूर्ण बसल्यावर मग आतला स्क्रू पान्याने फिरवा. जरा जड जाईल, मग अचानक हलकं होईल आणि क्रँक अलगद हातात येईल. (माझ्यावर ही वेळच आली नाही, माझा क्रँक स्वतःहून आला होता. तुम्ही त्याची वाट बघू नका!)

पायरी ४ : एक्सलची तपासणी. घाई इथे करू नका. एक्सलचा चौकोन लख्ख पुसा. कोपरे धारदार आहेत? बाजू सपाट आहेत? तर जिंकलात. पण कोपरे तिथेही झिजले असतील, तर नवा क्रँक घालून उपयोग नाही, महिन्याभरात तोही जाईल. मग बीबीसुद्धा बदलावी लागते. ते काम मात्र दुकानात द्या. माझा एक्सल शाबूत होता. तीन आठवडे दुर्लक्ष करूनही! काका म्हणाले, ‘‘नशीब चांगलं आहे तुमचं, दोनदा.’’ दुसरी वेळ कुठली, ते मला बसचा बंपर आठवल्यावर कळलं.

पायरी ५ : नवा क्रँक. उजवा क्रँक जिकडे, त्याच्या बरोब्बर विरुद्ध दिशेला डावा ठेवा. हसू नका, घाईत नव्वद अंशात बसवणारे महाभाग आहेत. हाताने दाबून बसवा. हातोडीने ठोकायचं नाही. आत बीबीचं बेअरिंग आहे आणि ते प्रत्येक घाव मोजतं. चौकोनावर ग्रीस लावायचं की तो कोरडा ठेवायचा, यावर मेकॅनिक मंडळींत शाखा-शाखांचं भांडण आहे. क्रँकबरोबर कंपनीचा कागद आला असेल तर त्यात लिहिलंय ते करा. बोल्टच्या आट्यांना आणि त्याच्या डोक्याखाली मात्र ग्रीस हवंच, यावर कुणाचं दुमत नाही.

पायरी ६ : आवळणं. सगळी गंमत इथेच आहे. बहुतेक चौकोनी क्रँकसाठी ३५ ते ५० न्यूटन-मीटर एवढा जोर सांगितलेला असतो. फिजिक्सचा पेपर आठवला? साधा हिशेब करू. मध्यापासून २० सेंटिमीटरवर पाना धरला, तर ४० न्यूटन-मीटरसाठी साधारण २० किलोचा रेटा लागतो. म्हणजे विमानात चेक-इन करतो त्या मोठ्या बॅगेएवढं वजन! खिशातल्या बोटभर ॲलन कीने हा जोर येतच नाही, आणि क्रँक ढिले राहण्याचं हे एक मोठं कारण. लांब दांड्याची चावी वापरा. टॉर्क रेंच असेल तर उत्तमच.

पायरी ७ : पायडल परत. आट्यांना ग्रीस लावा, पहिले चार-पाच फेरे बोटांनीच द्या. डाव्या पायडलवर बहुतेक वेळा इंग्रजी ‘एल’ कोरलेला असतो, तोच डावीकडे. उलटं पायडल पान्याच्या जोराने घुसवलंत, तर नव्या कोऱ्या क्रँकचे आटे पहिल्याच दिवशी स्वर्गवासी!

पहिल्यांदा मला पाऊण तास लागला. त्यातली वीस मिनिटं पायडल उलट्या दिशेने आवळण्यात गेली, हा भाग वेगळा.

नवा क्रँक बसला. आता?

पहिली राइड सोसायटीच्या आवारात. मग दोन-चार किलोमीटर. आल्यावर चावी लावून, तेवढ्याच जोराने बोल्ट एकदा तपासा. हलला नाही? छान, विषय संपला. आता रोज सकाळी उठून आवळत बसू नका. आपल्याला वाटतं जास्त आवळलं म्हणजे जास्त सेफ. पण प्रत्येक जादा हिसक्याला क्रँक त्या निमुळत्या चौकोनावर आणखी वर चढतो, भोक ताणलं जातं आणि एक दिवस ते चिरतं. ढिला क्रँक वाईट, तसा अति आवळलेलाही वाईट. तेवढ्याच टॉर्कला तो वारंवार सैल होत असेल, तर चूक बोल्टची नाही. पुन्हा भोक आणि एक्सल बघा.

आणि हो, एक छोटीशी खरेदी. तुमच्या सॅकमधलं मल्टीटूल उघडून बघा. लहान मल्टीटूलमध्ये ॲलन की बहुधा ६ मिलीमीटरवर संपतात, आणि क्रँकला लागते ८ ची! म्हणजे रस्त्यात क्रँक ढिला झाला, तर शंभर टूल्स असूनही आपण हात चोळत बसणार. एक सुटी ८ ची चावी सॅकमध्ये टाकून ठेवा. आणि रस्त्यात आवळावं लागलंच, तर उभं राहून जोर लावणं बंद. हळू, बसून, जवळच्या दुकानापर्यंत. भोकाचे कोपरे गेलेले असतील, तर तेही नाही. उतरा आणि ढकला. सायकल ढकलत नेताना कुणी बघितलं तर बघू दे. रस्त्यावर आडवं झालेलं बघण्यापेक्षा ते बरं!

चौकट : तुमची सायकल कोणत्या जातीची?

आजोबांची काळी सायकल : इथे चौकोन नाही, गोल एक्सल आणि त्यात आडवी ठोकलेली कॉटर पिन. पायडल फिरताना मध्येच ‘धप्’ करून थोडं रिकामं फिरलं, की कॉटर झिजला. क्रँक बदलायची बहुधा गरज नसते, नवा कॉटर पुरतो आणि तो अगदी किरकोळ किमतीत मिळतो. मात्र तो ठोकून बसवायचा आणि मग नट आवळायचा, नुसत्या नटाने ओढायचा नाही. दोन बाजूंचे कॉटर परस्परविरुद्ध दिशेने घालतात, नाहीतर दोन क्रँक एका रेषेत येत नाहीत. पुण्याला ‘सायकलींचं शहर’ म्हणायचे त्या दिवसांत हे काम कोपऱ्याकोपऱ्यावर व्हायचं. आजही जुन्या दुकानात हातोडीच्या चार घावांत होतं.

मधल्या किमतीची हायब्रिड आणि एमटीबी : बहुधा चौकोनी एक्सल. वरचा सगळा लेख तुमच्यासाठीच!

पोकळ, जाड एक्सलवाली : एक्सल उजव्या क्रँकलाच जोडलेला आणि आरपार आलेला. डाव्या क्रँकला शेजारी शेजारी दोन छोटे बोल्ट. इथे पुलर लागत नाही. बोल्ट बहुधा ५ मिलीमीटरचे, जोर १२ ते १४ न्यूटन-मीटर. दोन्ही बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे आवळायचे. आधी बाहेरचं टोपण फक्त प्ले जाईल इतपत हलकेच फिरवायचं. तिथे ताकद दाखवली की बेअरिंग संपलं.

सेकंडहँड रेसिंग सायकल : सप्टेंबर २०२३ मध्ये शिमानो कंपनीने १ जून २०१२ ते ३० जून २०१९ या काळात बनलेल्या आपल्या ड्युरा-एस आणि अल्टेग्रा मालिकांतल्या काही ११-स्पीड क्रँकची मोफत तपासणी, आणि सदोष निघाल्यास बदली, जाहीर केली. प्रश्न ढिल्या बोल्टचा नव्हता. दोन भाग चिकटवून बनवलेला पोकळ क्रँकच उकलत होता. एकट्या अमेरिकेत असे सुमारे ६ लाख ८० हजार क्रँकसेट होते आणि भाग सुटे झाल्याच्या ४,५१९ घटना नोंदल्या गेल्या होत्या. जुनी रेसिंग सायकल घेताय? क्रँकच्या मागचा उत्पादन-कोड आधी तपासा.

शेवटी काय, तर...

माझा गुडघा दहा दिवसांत बरा झाला. नव्या क्रँकचा खर्च मित्रांबरोबरच्या एका पिझ्झापार्टीएवढाही आला नाही. आणि पहिल्या ‘टक्’लाच थांबलो असतो, तर तोही झाला नसता. ८ नंबरची चावी, एक लांब दांडा आणि पाच मिनिटं, एवढ्यात भागलं असतं. पण आपली एक सवय असते. लॅपटॉप जरा स्लो झाला की आपण आयटी टीमला तीन मेल टाकतो, फोनची बॅटरी दोन टक्के लवकर उतरली की जीव कासावीस होतो. आणि जिच्यावर अख्खं अंग टाकून बसच्या पुढे चढ चढायचा, त्या सायकलला म्हणतो, ‘वाजू दे गं!’

परवा लिफ्टमध्ये ऑफिसमधला एक कलीग भेटला. हातात हेल्मेट. नुकतीच नवी सायकल घेतलीय. सहज म्हणाला, ‘‘यार, जाम मस्त चालते. फक्त चढावर डावीकडून बारीक टक् टक् येतं. चेनला तेल घालू का?’’

लिफ्ट पाचव्या मजल्यावर आमच्या ऑफिसला थांबली. आम्ही उतरलोच नाही. पुन्हा खाली पार्किंगमध्ये गेलो. सॅकमधून ८ ची चावी काढली, सोसायटीतल्या नळदुरुस्तीवाल्याकडून आणलेला पाइपाचा तुकडा तिच्यात अडकवला आणि बोल्ट फिरवून बघितला. चक्क पाऊण फेरा फिरला! क्रँक काढून भोकही बघितलं. चारही कोपरे शाबूत. पुसलं, ग्रीस लावलं, आवळलं.

मीटिंगला दहा मिनिटं उशीर झाला. बॉसने विचारलं, ‘‘कुठे होतात दोघं?’’

म्हटलं, ‘‘सर, एक अपघात कॅन्सल करून आलो.’’